फरकांड्याचे झुलते मनोरे

मुलांनो, झाडाला बांधलेला झोका झुलतो. वाऱ्यावर ज्वारीचे ताट झुलते. पाण्यावर नाव डुलते. पण विटांचा आणि चुन्याचा मनोरा कधी झुलेल का? दोन-तीन माणसे वर चढली, त्यांनी मिळून जोर लावला आणि सारा मनोरा डोलू लागला, असे कोणी सांगितले तर तुम्ही हसाल. त्यावर तो आणखी म्हणाला, “एक मनोरा हलवला की शेजारचा दुसरा मनोराही आपोआप हलू लागतो. त्याला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो!” मग मात्र तुम्ही म्हणाल, ही गोष्ट अलिफ लैलामधली दिसते.

ही गोष्ट अलिफ लैलामधली नाही. ती आपल्या जळगाव जिल्ह्यातली आहे.

जळगावहून धुळ्याला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर एरंडोल लागते. अंजनी नदीच्या काठचे हे जुने तालुक्याचे गाव. पूर्वी येथे हाताने कागद तयार होत असे. एरंडोलहून दक्षिणेला, कासोद्याच्या बाजूला वळले की दोन्हीकडे काळ्या जमिनीची शेते दिसतात. कुठे कापूस, कुठे ज्वारी. याच भागात उतावळी नदीच्या काठी फरकांडे नावाचे एक खेडे आहे. ‘उतावळी’ या शब्दाचा अर्थ तुम्हांला माहीत आहे का? जिला धीर नाही ती उतावळी. उर्दूत आपण ‘बेसब्र’ म्हणतो. पावसात भरभर वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या नदीला हे नाव शोभते.

या फरकांड्यात एक जुनी मशीद आहे. तिला दोन मनोरे होते. प्रत्येकाची उंची सुमारे १५ मीटर. १५ मीटर म्हणजे पाच मजल्यांच्या इमारतीएवढी उंची! खेड्यातल्या बैठ्या घरांच्या वर ते केवढे उंच दिसत असतील याची कल्पना करा. हेच ते ‘झुलते मनोरे’. त्यांना पाहायला दूरदूरचे लोक येत. वर चढून हलवणारे हलवत आणि खाली उभे असलेले लोक माना वर करून दुसऱ्या मनोऱ्याकडे पाहत राहत.

वर मी ‘होते’ असे मुद्दाम लिहिले आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला. जोडी फुटली. त्या जोडीची आणि मागे राहिलेल्या एकट्या मनोऱ्याची ही माहिती आहे.

आधी ‘मनोरा’ हा शब्द पाहू. तो तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला ‘मीनार’ तो मराठीतला ‘मनोरा’. दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. अरबीत ‘मनारा’ म्हणजे प्रकाशाची जागा. उंच जागेवर दिवा लावला की वाटसरूला दुरून वाट कळते. इमारतीच्या कामातले असे कितीतरी शब्द मराठीत आणि उर्दूत जवळजवळ सारखे आहेत. तुम्ही ‘ईंट’ म्हणता, मराठीत ‘वीट’ म्हणतात. तुमचा ‘चूना’ तो मराठीत ‘चुना’. ‘जीना’चा ‘जिना’ झाला. ‘इमारत’ तर दोन्हीकडे इमारतच आहे. एका शब्दाची मात्र गंमत आहे. उर्दूत ‘कमान’ म्हणजे धनुष्य. मराठीत कमान म्हणजे धनुष्यासारखा वाकलेला दरवाजाचा किंवा पुलाचा भाग. त्याला उर्दूत ‘मेहराब’ म्हणतात. ‘मेमार’ला मात्र मराठीत ‘गवंडी’ म्हणायचे, हे लक्षात ठेवा. या पाठात गवंड्यांचे काम पुष्कळ आहे.

गावाला उंच मनोरा कशाला हवा? मशिदीच्या मनोऱ्यावरून अजान दिली की ती शिवारापर्यंत पोहोचे. चर्चच्या मनोऱ्यात घंटा टांगतात, त्याचेही कारण तेच. आवाज जितक्या उंचीवरून निघेल तितका तो दूर जातो. मंदिरापुढे दगडी दीपमाळ उभी करतात. तिच्यावरचे दिवे दुरून दिसतात. शिवाय शेतात किंवा बाजाराला गेलेल्या माणसाला मनोऱ्याचे टोक दिसले की आपले गाव आता किती दूर राहिले ते समजे. घड्याळ आणि पाटी नसलेल्या काळात मनोरा ही दोन्ही कामे करीत असे.

आता झुलण्याकडे येऊ. खरे सांगायचे तर जगातली प्रत्येक उंच वस्तू थोडीफार झुलते. पॅरिसचा आयफेल टॉवर लोखंडाचा आहे. १८८९ साली तो सुमारे ३०० मीटर उंच उभा राहिला. जोराच्या वाऱ्यात त्याचे टोक काही सेंटिमीटर हलते. इंग्लंडमधल्या खेड्यांत जुन्या चर्चचे जाड दगडी मनोरे आहेत. त्यांत टांगलेल्या जड घंटा दोर ओढून गोल फिरवतात, तेव्हा तो दगडी मनोराही डोलतो. घंटा वाजवणाऱ्यांना ते पायाखाली जाणवते. त्यांना त्याची भीती वाटत नाही. मनोऱ्याचे थोडे डोलणे नेहमीचेच असते, हे त्यांना ठाऊक असते. ज्वारीचे ताट वाऱ्यात वाकते म्हणून मोडत नाही. वाळलेली काटकी वाकत नाही, ती मोडते.

म्हणजे फरकांड्याचा मनोरा हलत होता, हे मोठे नवल नव्हे. दुसरा मनोरा त्याला उत्तर देत होता, हे खरे नवल.

हे उत्तर कसे मिळते ते पाहण्यासाठी फरकांड्याला जायची गरज नाही. वर्गातच एक प्रयोग करा. दोन बाके समोरासमोर ठेवा. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत सुतळी बांधा. ती फार ताणू नका, थोडी सैल असू द्या. आता सारख्या वजनाचे दोन दगड घ्या. सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांनी ते या सुतळीला टांगा. दोन दगडांत एक वीत अंतर ठेवा. दोन्ही दगड स्थिर झाले की एकालाच हलका झोका द्या. झोका सुतळीच्या दिशेने देऊ नका, तो आपल्याकडे आणि पलीकडे जाईल असा द्या. मग हात मागे घ्या आणि पाहत राहा.

थोड्या वेळाने दुसरा दगड हळूच हलू लागेल. त्याला कोणी हात लावलेला नाही! त्याचा झोका वाढत जाईल आणि पहिल्याचा कमी होत जाईल. एक क्षण असा येईल की पहिला दगड जवळजवळ थांबेल आणि सारे झुलणे दुसऱ्याकडे गेलेले असेल. मग तेच झुलणे परत पहिल्याकडे येईल. दोघे जणू एकमेकांना काही देत-घेत आहेत.

आता एका दगडाची दोरी निम्मी करा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. या वेळी पहिला दगड एकटाच झुलत राहील. दुसरा नुसता थरथरेल.

असे का झाले? प्रत्येक टांगलेल्या दगडाची झुलण्याची एक ठरलेली चाल असते. दोरी लांब असेल तर चाल संथ, दोरी आखूड असेल तर चाल जलद. दोन्ही दोऱ्या सारख्या असल्या की दोघांची चाल सारखी होते. मग सुतळीतून जाणारा बारीकसा धक्काही योग्य वेळी पोहोचतो आणि दुसऱ्याला झुलवतो. चाल जुळली नाही तर धक्के कधी पुढे ढकलतात, कधी मागे, आणि त्यांचा काही उपयोग होत नाही. १६६५ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे पाहिली. त्यांचे लंबक थोड्याच वेळात एकमेकांशी ताल जुळवून हलू लागत. त्या वेळी तो आजारी होता आणि घरातच पडून होता. आजारपणात भिंतीकडे पाहताना लागलेला हा शोध आहे!

मनोरा म्हणजे जणू उलटा लंबक. त्याचे बूड जमिनीत घट्ट असते आणि टोक हलते. त्यालाही झुलण्याची स्वतःची चाल असते. ती त्याच्या उंचीवर, जाडीवर आणि बांधकामावर अवलंबून असते. दोन मनोरे उंचीने सारखे, जाडीने सारखे, एकाच हाताने बांधलेले असले, तर त्यांची चाल जुळते. त्यांना जोडणारी भिंत आणि छत ही आपल्या प्रयोगातली सुतळी. मधल्या भिंतीवर हात ठेवला तर ती हललेली कळत नाही, कारण ती फार थोडी हलते. आपल्या बोटांना समजणार नाही इतकी थोडी. पण जुळी चाल असलेल्या मनोऱ्याला तेवढा धक्का पुरतो.

खानदेशातल्या मुलामुलींना हे समजायला सोपे आहे. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवसांत गावोगाव निंबाच्या, आंब्याच्या झाडांना झोके बांधतात आणि मुली गाणी म्हणत झोके घेतात. झोका उंच न्यायचा तर फार ताकद लागत नाही. झोका मागे आला की त्याच क्षणी हलका धक्का द्यायचा, पुन्हा मागे आला की पुन्हा द्यायचा. वेळ साधली तर लहान बहीणही मोठ्या भावाला उंच झुलवू शकते. मनोऱ्यावर चढलेली माणसे नेमके हेच करीत. त्यांच्या ताकदीने मनोरा हलत नसे. ताल साधल्यामुळे तो हलत असे.

तालाची ही शक्ती धोक्याचीही असते. १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी चालली होती. सर्वांची पावले एका तालात पडत होती. पूल डोलू लागला. सैनिकांना मजा वाटली आणि त्यांनी पावले अधिकच जोराने टाकली. पूल कोसळला आणि बरेच सैनिक नदीत पडले. तेव्हापासून पुलावर चढताना सैनिकांना पावलांचा ताल मोडायला सांगतात. ही हकिगत विसरू नका, तिची पुढे गरज पडणार आहे.

झुलते मनोरे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे अहमदाबाद. तेथे रेल्वे स्टेशनच्या परिसरात सिदी बशीर मशिदीचे दोन मनोरे आहेत. ते पंधराव्या शतकातले आहेत. मशिदीचा मागचा भाग नष्ट झाला, पण मधली कमान आणि तीन मजली, नक्षीदार सज्जांचे दोन मनोरे टिकले. २००१ सालच्या कच्छच्या मोठ्या भूकंपातही ते उभे राहिले. अहमदाबादच्या जामा मशिदीलाही उंच झुलते मनोरे होते. ते मात्र १८१९ सालच्या भूकंपात पडले. झुलणारा मनोरा भूकंपात नेहमीच वाचतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याला ही दोन्ही उदाहरणे सांगा.

इराणमधले इस्फहान हे दुसरे ठिकाण. तेथे अमू अब्दुल्ला या बुजुर्गांची कबर आहे. त्यांचे निधन १३१६ साली झाले. कबरीच्या इमारतीवर पुढच्या बाजूला दोन बारीक, विटांचे मनोरे आहेत. त्यांना ‘मनार-ए-जुंबान’ म्हणतात. फारसी शब्द तुमच्या ओळखीचा असेल. जुंबिश म्हणजे हालचाल, जुंबान म्हणजे हलणारे. जमिनीपासून त्यांची उंची सुमारे १७ मीटर आहे, म्हणजे फरकांड्याच्या मनोऱ्यांहून थोडीशीच अधिक. इस्फहान आणि अहमदाबाद ही मोठी शहरे, बादशहा आणि सुलतान यांच्या राजधान्या. फरकांडे हे उतावळीकाठचे लहानसे खेडे. या दोन शहरांशेजारी आपल्या खेड्याचे नाव घेता येते, याचा मला तरी अभिमान वाटतो.

असे काम खानदेशात कसे झाले असेल? त्यासाठी आपल्या भागाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३७० साली मलिक राजा या सरदाराला थाळनेरची जहागीर दिली. थाळनेर हे आता धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी आहे. या मलिक राजापासून खानदेशात फारुकी घराण्याचे राज्य सुरू झाले. ते १६०१ साली अकबराने असीरगड घेईपर्यंत चालले. थाळनेरला फारुकी राजांच्या जुन्या कबरी आजही आहेत. त्यांतली एक इमारत अष्टकोनी, म्हणजे आठ बाजूंची आहे. मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने बऱ्हाणपूर वसवले. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी तेव्हा ती खानदेशची राजधानी होती. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत ते लागते.

बऱ्हाणपूरची जामा मशीद पाहायला विसरू नका. ती १५८८-८९ च्या सुमारास बांधली. समोर १५ कमानींची रांग आणि दोन टोकांना दोन उंच मनोरे. आत भिंतीवर अरबीतला शिलालेख आहे आणि त्याच मशिदीत संस्कृतमधलाही शिलालेख आहे! राजाने दोन्ही भाषांत मजकूर कोरून घेतला. तुम्ही उर्दू शाळेत बसून मराठीचा पाठ वाचता आहात, म्हणून हे तुम्हांला खास सांगतो.

सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारी व्यापाराची मोठी वाट खानदेशातून जात होती. त्या वाटेने कापड, मीठ, मसाले जात, तसे कारागीरही जात-येत. गुजरात आपल्या शेजारी. तिकडच्या गवंड्यांचे हुन्नर इकडच्या गवंड्यांनी पाहिले असणार, इकडचे तिकडे गेले असणार. हुन्नर कागदावर लिहून ठेवत नसत. ते बापाकडून मुलाच्या हातात येई.

हे हुन्नर म्हणजे नेमके काय? लोक म्हणतात, मनोऱ्यात काहीतरी गुपित आहे. कोणी म्हणे आत लोखंडाची साखळी आहे, कोणी म्हणे पायाखाली चाक आहे. मला वाटते, खरे गुपित चुन्यात आहे.

आजचा गवंडी सिमेंट वापरतो. सिमेंट लवकर घट्ट होते आणि फार कडक होते. जुना गवंडी चुना वापरी. चुनखडी भट्टीत भाजायची, मग तिच्यावर पाणी घालायचे. ती फसफसून फुटते आणि तिची भुकटी होते. ती भिजवून कित्येक दिवस मुरत ठेवायची. मग त्यात वाळू आणि विटांची पूड घालून घाणीत मळायची. दगडी गोल चरातून मोठे चाक फिरे, ते बैल ओढीत. कुठे कुठे त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचे पाणीही घालीत. असा चुना सावकाश, हवेतला वायू शोषून घेत घट्ट होतो. घट्ट झाल्यावरही तो सिमेंटइतका ताठर नसतो. विटा थोड्या हलल्या तर तो थोडे सहन करतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्याने थोडा चुना विरघळून त्या चिरेत बसतो आणि चीर भरून येते. जखम भरावी तशी!

मनोऱ्याच्या आतला जिनाही महत्त्वाचा असतो. अशा मनोऱ्यांत जिना गोल गोल वर चढतो. पायरीचे एक टोक बाहेरच्या भिंतीत आणि दुसरे मधल्या खांबात गुंतवतात. त्यामुळे भिंत आणि खांब एकमेकांना धरून राहतात. वर जाताना मनोरा निमुळता करतात, म्हणजे वरचे वजन कमी होते. हे सर्व दोन्ही मनोऱ्यांत सारखे झाले पाहिजे. एका मनोऱ्याला विटांचे चार थर जास्त लागले असते, तर चाल जुळली नसती आणि आपण आज हा पाठ वाचत नसतो.

पायाचीही एक अडचण आहे. आपल्या खानदेशची काळी जमीन कापसाला चांगली, पण इमारतीला वाईट. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत तुमचा हात कोपरापर्यंत जातो की नाही? अशा मातीवर उंच इमारत उभी केली, तर ती दरवर्षी थोडी वर-खाली होणार. म्हणून जाणते गवंडी काळी माती खोदून काढीत आणि खाली मुरूम किंवा खडक लागला की मगच पाया भरीत.

इतके सारे सांभाळूनही जुना मनोरा पडतो. त्याचे शत्रू कोण? पाणी हा पहिला शत्रू. वरचा गिलावा गेला की पाऊस विटांत मुरतो. पिंपळ हा दुसरा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते, फटीत रुजते, आणि बोटाएवढे मूळ हळूहळू मनगटाएवढे होऊन विटा उचकटते. तिसरा शत्रू चुकीची दुरुस्ती. चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंट फासले की आतले पाणी बाहेर पडत नाही आणि विटा आतल्या आत कुजतात. पण झुलत्या मनोऱ्याला आणखी एक शत्रू असतो. तो म्हणजे त्याचे कौतुक करणारा माणूस! ब्रॉटनचा पूल आठवा. प्रत्येक पाहुण्याला वाटते, आपण एकदाच हलवून पाहू. शेकडो पाहुण्यांचे ‘एकदाच’ त्या चुन्याने सोसायचे असते. चुना थोडे सोसतो, वाटेल तेवढे नाही. अहमदाबादेत हलवून दाखवणे याच कारणाने बंद केले आहे.

गुपित शोधणाऱ्यांनीही नुकसान केले आहे. अहमदाबादच्या गोमतीपूर भागात राजबीबीची मशीद आहे. तिचेही मनोरे झुलते होते. इंग्रजांच्या काळात त्यांतला एक उतरवून पाहिला, असे सांगतात. आत चाक निघाले नाही, साखळी निघाली नाही. विटा, दगड आणि चुना एवढेच निघाले. आणि उतरवलेला मनोरा पुन्हा तसा जोडता आला नाही.

आता फरकांड्याकडे परत चला. तेथे जोडीतला एक मनोरा उरला. आपल्या प्रयोगात एक दोरी कापून टाका आणि उरलेल्या दगडाला झोका द्या. तो झुलेल, पण त्याला उत्तर देणारे कोणी नसेल. एकट्या मनोऱ्याचे तसेच झाले आहे.

तरी एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही मनोरे सारखे होते, म्हणून तर ते एकमेकांना उत्तर देत. मग पडलेल्या मनोऱ्याची उंची किती होती, घेर केवढा होता, तो वर किती निमुळता होत गेला, विटांचे थर कसे होते, हे सारे कुठे लिहिलेले आहे? उभ्या असलेल्या मनोऱ्यात. उभा मनोरा हाच पडलेल्या मनोऱ्याचा नकाशा आहे. कधी काळी कोणी दुसरा मनोरा पुन्हा बांधायचे ठरवले, तर त्याला मापे येथूनच घ्यावी लागतील. हाही गेला, तर दोन्ही गेले.

म्हणून आता ते सुरुवातीला न सांगितलेले काम. मनोऱ्यावर न चढता, त्याला हातही न लावता त्याची उंची मोजता येते. फरकांड्याला जाणे शक्य नसेल तर आपल्या गावातला कोणताही मनोरा, कळस, चर्चचा घंटाघर-मनोरा किंवा पाण्याची टाकी घ्या. सकाळी एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी धरा. तिची सावली मोजा. लगेच मनोऱ्याची सावली मोजा. समजा, काठीची सावली ८० सेंटिमीटर आली आणि मनोऱ्याची १२ मीटर. मग १२ ला ०.८ ने भागा. उत्तर १५ मीटर.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी मोजायला जाऊ नका. त्या दिवसांत आपल्या भागात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि मोजायला काहीच उरत नाही. दुसरे असे, की मनोऱ्याचे टोक त्याच्या मधोमध असते. म्हणून सावली भिंतीपासून मोजली, तर तिच्यात बुडाची निम्मी रुंदी मिळवावी लागते. आलेले माप, तारीख आणि वेळ वहीत लिहा. शेजारी मनोऱ्याचे चित्र काढा. चीर दिसली तर ती चित्रात दाखवा, पिंपळाचे रोप दिसले तर तेही दाखवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जा आणि तीच चीर केवढी झाली आहे ते पाहून त्याच पानावर लिहा.